तिफणीच्या सुताराने सांधली जहाजाची बरगडी

या पानावर मी एरवी बीजप्रक्रिया, हुमणी, खताच्या मात्रा असल्या विषयांवर लिहितो. आज जरा वेगळं. गेलं वर्षभर मी घरी एका जुन्या लढाऊ जहाजाची लाकडी प्रतिकृती करतो आहे. तयार सुटे भाग आणून जोडायची नाही, तर फळीपासून सगळं स्वतः कापून करायची. समुद्र आपल्या तालुक्यापासून लांब आहे खरा. पण जहाज लाकडाचं, आणि लाकूड आपल्या ओळखीचं.

हे जहाज म्हणजे ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत १८१६ साली तिची बांधणी सुरू झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड मलबारचा साग, मालकी मात्र इंग्रजांच्या नौदलाची. तिचे पहिले नकाशे मुंबईला पोहोचलेच नाहीत. ते ‘जावा’ नावाच्या जहाजावर होते आणि डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी ते जहाज पकडून जाळलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. त्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षं उलटून गेली. साग आहे तो!

तिची लांबी सुमारे दीडशे फूट आणि रुंदी चाळीस. मी एका फुटाला दोन सूत असं माप धरलं. म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसावा हिस्सा. लांबी तीनशे सूत, म्हणजे तीन फूट दीड इंच. रुंदी दहा इंच. जेवणाच्या टेबलावर मावतं. (घरात त्यावरून काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.)

अशा जहाजांचे नकाशे लंडनजवळ ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जपलेले आहेत आणि त्यांच्या प्रती मिळतात. दुधी भोपळ्याच्या चकत्या कराव्यात तशी त्यात जहाजाची ठिकठिकाणी आडवी कापं दाखवलेली असतात. प्रत्येक चकतीची कड म्हणजे एक बरगडी. बुडाच्या लांब कण्यावर या बरगड्या उभ्या करायच्या आणि वरून फळ्या मारायच्या. सांगायला दोन ओळी.

पहिली अडचण लाकडाची. जहाज सागाचं, म्हणून मीही साग घेतला. पण सागाची छिद्रं दारा-खिडकीला शोभतात. अठ्ठेचाळीस पट लहान जहाजावर तीच छिद्रं बोट जाईल एवढी दिसायला लागतात. शेवटी हळदू घेतला. बारीक पोताचा, पिवळसर, धारेला कापला की कड साफ निघते. पूर्वी फण्या करायला हेच लाकूड वापरायचे. (तलाठी भाऊसाहेबांनी काळजी करू नये, वखारीची पावती आहे.)

दुसरी अडचण बरगड्यांची. अख्ख्या फळीतून वाकडा आकार कापला, की वळणावर लाकडाची रेषा आडवी येते आणि तिथे ते बिस्किटासारखं तुटतं. माझ्या अकरा बरगड्या अशाच मोडल्या. त्या पिशवीत घालून मी एका रविवारी आमच्या तात्या सुतारांच्या पडवीत गेलो. वय सत्तरीच्या पुढे. तिफण, पाभर, गाडीची चाकं, सगळं केलेला माणूस. त्यांनी एक तुकडा उचलला, नखाने रेषा बघितली आणि म्हणाले, “साहेब, चाकाचा घेर कधी एका फळीतनं काढलेला बघितलाय का?”

नव्हता बघितला. घेर तुकड्यातुकड्यांनी होतो. प्रत्येक तुकड्याची रेषा वळणाबरोबर धावेल असा तो घ्यायचा. मग तात्यांनीच विचारलं, “चाकाला आवळायला लोखंडाची धाव हाय. ह्याला काय?”

घरी येऊन नकाशे पुन्हा उघडले. उत्तर तिथेच होतं. खऱ्या जहाजाची बरगडी दुहेरी असते, तुकड्यांचे दोन थर एकाला एक चिकटलेले. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या तुकड्याच्या मधोमध येतो. मी त्या रेघा नुसत्या रेघा समजून सोडून दिल्या होत्या.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी. आठ वर्षांपूर्वी या गावात ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची प्रात्यक्षिकं मीच घेतली. अनुदानाचे अर्ज मीच भरून घेतले. यंत्र चांगलं आहे. वेळ वाचतो, बी ठरावीक खोलीवर पडतं, आजही मी त्याचीच शिफारस करीन. पण तात्यांनी शेवटची तिफण त्याच वर्षी केली. मला हे माहीतच नव्हतं. त्या पडवीत तिचे फण अजून आढ्याला टांगलेले आहेत. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, “गिऱ्हाईक आलंच नाही न्यायला.” माझ्यावर राग होता का, तर तसं काही दिसलं नाही. ते करवतीची धार बघत होते.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं बसतो. बरगड्या सगळ्या उभ्या झाल्या, फळ्यांचं काम चालू आहे. पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवायच्या आणि जागेवर बांधून दिवसभर सुकू द्यायच्या. ओल्याच चिकटवल्या तर आकसतात आणि फटी पडतात. मी घाई करून एकदा पडू दिल्या. खुंट्या बांबूच्या. सोनार तार ओढतो तशा पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढत बारीक करायच्या. ते काम तात्यांच्या नातवाकडे आहे. नववीत आहे, पाढ्यांचा कंटाळा, पण सुताचा हिशेब चुकत नाही.

डोलकाठ्या आणि तोफा बाकी आहेत. हळदू मात्र संपत आलाय. कुणाच्या पडवीत जुनं वाळलेलं हळदूचं लाकूड पडून असेल तर चुलीत घालू नका. मंगळवारी बाजाराच्या दिवशी मी पंचायत समितीत असतो. योग्य ती किंमत देईन.