महाराष्ट्रातील प्रवासी फुटबॉल समर्थक

आपल्या संघाचा सामना प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असताना तो पाहण्यासाठी परगावी जाणाऱ्या प्रेक्षकास प्रवासी समर्थक किंवा पाहुणा पाठीराखा असे म्हणतात. लीग स्पर्धेत प्रत्येक संघ साधारणतः निम्मे सामने घरच्या व निम्मे परक्या मैदानावर खेळतो. त्यातून ही प्रथा निर्माण झाली. महाराष्ट्रात ती मुख्यत्वे म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आणि मुंबई व नवी मुंबईतील मैदाने यांच्या दरम्यान वाढली.

बालेवाडीचे मैदान

हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले. बालेवाडी आणि मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे या दोन गावांच्या शिवेवर ते आहे. २००९ पासून पुणे एफसी हा संघ येथे आय-लीगचे सामने खेळत असे. त्या काळी आय-लीग ही देशातील सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी या संघाने हेच मैदान घरचे म्हणून स्वीकारले.

मुंबई–बंगळूर महामार्ग संकुलाजवळून जातो. त्यामुळे मुंबईहून ९४ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाने येणारे समर्थक पुणे शहरात न शिरताच मैदानावर पोहोचत.

महाराष्ट्र डर्बी

एफसी पुणे सिटी आणि मुंबई सिटी एफसी यांच्यातील सामन्यास महाराष्ट्र डर्बी हे नाव पडले. यांतील पहिला सामना १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नवी मुंबईत झाला व मुंबईने तो ५–० असा जिंकला. पुण्याच्या समर्थकांचा गट ‘ऑरेंज आर्मी’, तर मुंबईचा ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या नावाने ओळखला जाई.

भारतातील बहुतेक लढतींसाठी समर्थकांना दूरवरचा प्रवास करावा लागतो. २०१७–१८ च्या उपांत्य फेरीत पुण्याची गाठ बंगळूरशी पडली. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीतील सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ११ मार्चला बंगळूर येथे सुनील छेत्रीच्या तीन गोलांमुळे पुणे १–३ असे पराभूत झाले. दोन सामन्यांत केवळ चार दिवसांचे अंतर होते, तर दोन शहरांत आठशे किलोमीटरहून अधिक.

बैठकव्यवस्था

पाहुण्या समर्थकांना शक्यतो स्वतंत्र विभागात बसवले जाते व त्यांची ये-जा वेगळ्या दाराने ठेवली जाते. यामागे सुरक्षेचा विचार आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यातील ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्याच्या वेळी उसळलेल्या दंगलीत व चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. अर्जेंटिनात २०१३ मध्ये पाहुण्या प्रेक्षकांवर बंदी घालण्यात आली. याउलट इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांसाठी तिकिटे राखून ठेवणे यजमान संघावर बंधनकारक असून, २०१६–१७ पासून त्या तिकिटाची किंमत ३० पौंडांपेक्षा अधिक ठेवता येत नाही.

प्रवासातील अडचणी

सुपर लीगचे बरेचसे सामने सायंकाळी सात ते आठच्या सुमारास सुरू होतात. ते संपेपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात व परतीचा प्रश्न उभा राहतो. पुणेकरांची नेहमीची डेक्कन क्वीन सकाळी मुंबईस नेते. परंतु परतीसाठी ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सायंकाळी ५ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे सामना सुरू होण्यापूर्वीच सुटते. त्यामुळे समर्थकांना वर्गणी काढून ठरवलेली बस, खासगी मोटार किंवा रात्रीची एसटी यांवर अवलंबून राहावे लागते आणि बोरघाट मध्यरात्रीच्या सुमारास उतरणीऐवजी चढणीने पार करावा लागतो.

हा प्रवास जिवावरही बेतू शकतो. २० मार्च २०२२ रोजी मडगावजवळील फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यासाठी केरळहून दुचाकीवर निघालेले दोन समर्थक वाटेतच अपघातात मृत्यू पावले.

२०१९ नंतरची स्थिती

२०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला व लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. फातोर्ड्याचा वरील अंतिम सामना जिंकून हैदराबादने विजेतेपदही मिळवले. बालेवाडीत २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे सामने झाले; मात्र संघच नसल्याने लीगचे घरचे सामने उरले नाहीत.

परिणामी मुळशी व पुणे परिसरातील प्रेक्षकाला सर्वोच्च लीगचा सामना पाहण्यासाठी अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना किंवा फातोर्डा गाठावे लागते. तेथेही तो पाहुण्या संघाचा पाठीराखा नसतो; स्वतःचा संघ नसलेला प्रेक्षक म्हणूनच तो तिकीट काढतो.