‘प्रेझेंट मॅम’ म्हटलं, पुढे काय?

सकाळी आठला आमच्या घरात दोन वर्ग भरतात. भाऊ सातवीत, मी एसवायला. तो बाबांच्या जुन्या फोनवरून ‘प्रेझेंट मॅम’ म्हणतो, माइक म्यूट करतो, फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवतो आणि पुन्हा चादर ओढून घेतो. मी ओरडायला तोंड उघडते तेव्हा माझंही लेक्चर चालू असतं. कॅमेरा बंद, आणि मी चहा गाळत उभी. म्हणजे ओरडायचा अधिकार तसा मलाही नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा तो पाचवीत होता. मुंबईत त्याच्या वयाच्या मुलांसाठी ती २०२१ मध्येही बराच काळ बंदच होती. सहावीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना पुढच्या वर्गात घातलं, त्यात तोही गेला. पेढे वगैरे आले नाहीत, पण आईने सुटकेचा नि:श्वास टाकला. चला, वर्ष तरी वाया नाही गेलं!

जूनमध्ये रद्दी काढताना त्याची सहावीची गणिताची वही हाती लागली. ऑगस्टपर्यंत भरलेली, पुढे कोरी. मग ग्रुपवर रोज होमवर्कचे फोटो जात होते ते कसले? मित्राच्या वहीचे. मी तडक आईला सांगितलं, आईने फोन काढून घेतला. आता हा रडणार, असं आम्हाला वाटलं होतं. तो चक्क निवांत झाला. दोन दिवस मस्त कॅरम खेळला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा फोनला चिकटलेला नाही, वर्गापासून पळतोय.

कारण बाहेर यायला चार दिवस लागले. विचारून विचारून नाही आलं. रात्री गॅलरीत दोघं बसलो होतो, तेव्हा आपणहून बोलला. गेल्या वर्षी मॅमनी त्याला प्रश्न विचारला, त्याने माइक सुरू केला, आणि नेमके त्याच वेळी बाबा घरमालकाशी भाड्यावरून फोनवर तावातावाने बोलत होते. बाबांचं काम तेव्हा सुटलं होतं. सगळं वर्गाने ऐकलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी चॅटमध्ये काहीतरी टाकलं. बस. त्या दिवसापासून हजेरीपुरता माइक सुरू, बाकी सगळं बंद. आणि हे त्याने बाबांना कळू दिलं नाही, कारण बाबांना वाईट वाटलं असतं. अकरा वर्षांचं पोर!

शाळेत जाताना मुलगा घर घरीच ठेवून जातो. गणवेश सगळ्यांचा सारखा, बाकही सारखे. ऑनलाइन वर्गात मात्र अख्खं घर सोबत येतं. कुकरच्या शिट्या, शेजारचं भांडण, मागच्या दोरीवरचे कपडे, आजीचा खोकला. ‘कॅमेरा ऑन ठेवा म्हणजे लक्ष लागेल’ असं सांगणाऱ्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत एकदा कॅमेरा ऑन करून बघावा. बंद कॅमेऱ्यामागे दर वेळी आळस नसतो. कधी लाज असते, कधी संपत आलेला डेटा.

जुलै २०२० मध्ये केंद्राने ‘प्रज्ञाता’ नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. स्क्रीनवेळेची काळजी घेतली हे बरंच झालं. पण त्या ४५ मिनिटांनंतर पोर कुणाशी बोलणार? ‘असर’ने सप्टेंबर २०२० मध्ये फोनवरून सर्वेक्षण केलं होतं. ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी तेव्हा स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. फोन वाढले, ठीक. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जवळपास तीन चतुर्थांश मुलांना घरातलं कुणीतरी अभ्यासात मदत करत होतं. आई-बाबांना जमत नाही तिथे हे ‘कुणीतरी’ म्हणजे बऱ्याचदा आपण. कॉलेजला जाणारे, तेव्हा घरीच असलेले ताई-दादा.

आता आम्ही काय केलं ते. सुरुवात वाईट झाली. मी चार रंगांच्या स्केचपेनांनी टाइमटेबल बनवून भिंतीवर लावलं. तीन दिवस टिकलं. मग रोज तासभर शिकवणी घेऊन पाहिली. त्यात दोघांची भांडणं झाली, एकदा वही फाटली. शेवटी वीस मिनिटांवर आले. ‘आज काय शिकवलं?’ विचारलं की तो ‘काही नाही’ म्हणायचा, म्हणून प्रश्न बदलला. ‘आज काय डोक्यावरून गेलं?’ याला उत्तर यायला लागलं. सातवीत पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार आहे, आणि याला सहावीतल्या पूर्णांक संख्याच माहीत नाहीत! उणे म्हणजे किराणावाल्याची उधारी, असं सांगितल्यावर लगेच समजलं. तो शब्द घरात रोजचाच होता.

दुसरं म्हणजे मी त्याच्या क्लासटीचरना फोन केला. घाबरतच. त्यांना वही कोरी आहे एवढंच सांगितलं, भाड्याचं नाही, कारण ती त्याची गोष्ट होती. त्या रागावल्या नाहीत. स्क्रीनवर साठ नावं, त्यातली निम्मी काळी चौकोनं, कोण ऐकतंय कोण झोपलंय काही कळत नाही, हे त्यांनीच सांगितलं. शेवटी ठरलं, की शंका त्याने वर्गात न विचारता त्यांना व्हॉइस नोटवर पाठवायच्या. पहिली नोट त्याने सात वेळा रेकॉर्ड करून डिलीट केली.

आणि तिसरं, ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, ते अभ्यासाचं नव्हतंच. चार मित्रांचा व्हिडिओ कॉल, संध्याकाळी, मोठं माणूस कुणी नाही. नावाला गणित, बाकी नुसत्या गप्पा आणि फ्री फायर. आईला हे पटत नाही अजून. पण शाळेतली मधली सुट्टी कुठल्याच ॲपने दिलेली नाही. ती अशीच कुठूनतरी काढून घ्यावी लागते.

आमच्याकडे निदान दोन फोन आहेत. जिथे तेवढंही नाही तिथे लोकांनी वेगळे मार्ग काढले. पालघरच्या मोखाड्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ भरवली. गावात स्पीकर लावायचा, त्यावर धडे ऐकवायचे, मुलांनी अंतर ठेवून बसून ऐकायचे. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ लागली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. नेट लागत नव्हतं, आणि नुसतं बसून ऐकायचं नसून घरच्या माणसांबरोबर काहीतरी करून बघायचं असायचं. एनएसएसचे तास भरायचे आहेत म्हणून जे सध्या पोस्टर स्पर्धा शोधतायत, त्यांनी आपल्याच चाळीतली दोन पोरं वीस मिनिटं धरावीत. तास मिळतील की नाही, ते प्रोग्राम ऑफिसरना विचारा.

एक मात्र आहे. आपण समुपदेशक नाही. पोर जेवेनासं झालं, रात्ररात्र जागायला लागलं, आवडीच्या गोष्टींकडेही फिरकेना, ‘मी नसलो तरी चालेल’ असं काही बोललं, तर ते ‘आमच्या दोघांतलं सीक्रेट’ ठेवायचं नाही. आई-बाबांना सांगायचं, शिक्षकांना सांगायचं, डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यायचं. विद्यार्थ्यांसाठी केंद्राचा ‘मनोदर्पण’ उपक्रम जुलै २०२० पासून आहे, त्यात टोल-फ्री हेल्पलाइनवर समुपदेशक बोलतात.

भावाची वही आता भरतेय. उणे गुणिले उणे अजून चुकतं. वर्गात माइक तो अजूनही सुरू करत नाही, मी मागे लागत नाही. काल त्यानेच मला विचारलं, ‘ताई, तुझा कॅमेरा का बंद असतो गं?’ मी म्हटलं, रेंज नाही. तो माझ्याच हॉटस्पॉटवर वर्गात बसला होता.