जोडलेल्या यंत्रातील एका पात्याची ओळख

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहर लागण्यापूर्वी, रामचंद्रपुरम येते. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या केंद्र सरकारच्या उपक्रमाचा येथील कारखाना १९६० नंतरच्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या तांत्रिक साहाय्याने उभा राहिला. टर्बाइन, कॉम्प्रेसर, पंप अशी फिरती यंत्रे तेथे तयार होतात.

टर्बाइनच्या रोटरवर, म्हणजे फिरत्या दंडावर, पोलादी पात्यांच्या रांगा बसविलेल्या असतात. वाफेचा झोत त्यांवर आदळतो आणि वीजकेंद्रातील दंड मिनिटाला सामान्यतः ३,००० फेरे घेतो. रोटर यंत्रात बसविण्यापूर्वी निर्वात बोगद्यात फिरवून त्याचा तोल पाहतात. हवा काढून घेतली नाही, तर पाती ती घुसळण्यातच बरीच शक्ती खर्च करतील. असा बोगदा रामचंद्रपुरम येथे आहे. तथापि रोटर तोलात असूनही त्यावरील एखादे पाते स्वतंत्रपणे थरथरत असू शकते.

प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची गती असते. तिला स्वाभाविक कंप्रता म्हणतात. सुटे पाते हातोडीने हलकेच ठोकून ती मोजता येते. पण देवळात टांगलेली घंटा घुमते आणि तीच हाताने घट्ट धरून वाजविली, तर बद्द आवाज येतो. घंटा तीच, बदलला तो आधार. पात्याचेही तसेच आहे. बुडाची पकड थोडी सैल असेल, तर कंप्रता उतरते. फिरू लागले की पाते बाहेरच्या बाजूस ताणले जाते व ती चढते. हा ताण किती? ३,००० फेऱ्यांच्या वेगात, आसापासून एक मीटर अंतरावरील एक किलो वजनाची वस्तू सुमारे दहा टनांचा ओढा देते. शेजारची पाती तारेने जोडलेली असतील, तर त्यांची थरथरही त्यात मिसळते.

मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे. पात्याची कंप्रता ५० च्या एखाद्या पटीशी जुळली, तर झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी थरथर वाढत जाते व धातूला शिणवटा येतो. उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीजकेंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनच्या शेवटच्या रांगेतील दोन पाती शिणवट्यानेच तुटली. तोल गेलेल्या रोटरच्या हादऱ्यांनी जनित्रातील हायड्रोजन निसटून पेटला, आग केबलींपर्यंत पोचली आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, हे सुदैव.

मग जोडलेल्या यंत्रातून एका भागाची ओळख कशी पटवावी? एक मार्ग वजाबाकीचा. अंगणवाडीत तान्हे मूल स्वस्थ बसत नसले, की आईसह त्याचे वजन करतात व आईचे वजा करतात. अभियंतेही संपूर्ण जोडणीचा कंप मोजतात, माहीत असलेल्या भागांचा हिशेब त्यातून काढून टाकतात व उरलेला अज्ञात भागाचा मानतात. अडचण अशी की आई साठ किलोची व मूल तीन किलोचे असता काट्याची अर्ध्या किलोची चूक आईच्या वजनात नगण्य, पण मुलाच्या वजनात मोठी ठरते. शिवाय बोल्ट, खाचा, बुडाची पकड हे सांधे कोणत्याही एका भागाचे नसतात. त्यांचा हिशेब लावणे सर्वांत कठीण.

दुसरा मार्ग पात्याला स्पर्श न करण्याचा. रहाटाची गाडगी समान अंतराने वर येतात. एखादे झुलत असेल, तर ते किंचित आधी वा उशिरा येते. त्याचप्रमाणे टर्बाइनच्या कवचात बसविलेले संवेदक प्रत्येक पात्याचे टोक केव्हा आले याची नोंद घेतात. आसापासून एक मीटरवरील टोक एक मिलिमीटरने ढळले, तर फरक सेकंदाच्या सुमारे तीन लाखाव्या भागाएवढाच पडतो. तोही या साधनांना टिपता येतो.

उपसा सिंचनाच्या पंपाबाबत गावातील जाणता फिटर हीच वजाबाकी करतो. पंपसंच थरथरू लागला की तो कपलिंग सोडून मोटार एकटी चालवितो. थरथर कायम राहिली, तर दोष मोटारीत किंवा तिच्या पायात. थांबली, तरी पंपच सदोष असे लगेच ठरत नाही. दोन्ही दंड एका रेषेत नसले तरी तेच घडते. म्हणून पंप उघडण्यापूर्वी दोन्ही दंडांची रेषा तपासावी.