चुलीचा धूर घरात का कोंडतो?

चुलीवर डाळ शिजत असते. झाकण काढून पाहा. दाणे मधून वर येतात, कडेने खाली जातात, पुन्हा वर येतात. कोणी पळी घातलेली नसते. मग डाळ ढवळते कोण?

पाणीच ढवळते. त्याचे असे होते. तळाचे पाणी आधी तापते. तापले की ते फुगते, म्हणून हलके होते आणि वर येते. वरचे पाणी त्यामानाने गार आणि जड. ते खाली बसते. मग तेही तापते, वर येते. असा फेरा चालू राहतो. पुस्तकात याला अभिसरण म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, फेरा ध्यानात ठेवा.

हवेचेही तसेच आहे. हवेला वजन असते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी पेटी घ्या. तिच्यातल्या हवेचे वजन सुमारे १२०० ग्रॅम भरते. हीच हवा उकळत्या पाण्याहून थोडी जास्त तापवली, तर ती फुगते. मग त्याच पेटीत सुमारे ९०० ग्रॅमच मावते.

चुलीवरची हवा अशी हलकी होऊन वर निघते, धुराला सोबत नेते. म्हणून धुराडे वर ठेवतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र माझ्याही ध्यानात आली नव्हती, आणि मी तर हा धडा वर्गात कितीतरी वर्षे शिकवला!

आमच्या घराची कौले बदलली, तेव्हा चुलीवर चांगले रुंद धुराडे काढून घेतले. तरी धूर घरातच. आठ दिवस घरची मंडळी डोळे पुसत भाकऱ्या थापत होती. मी गवंड्याला बोल लावला. तो बिचारा पुन्हा वर चढला. धुराडे मोकळेच होते. एके दिवशी कुत्रे हाकलायला हिने दार उघडले, आणि पाहतो तो काय, धूर सरळ वर! दार लावले की पुन्हा घरात.

कुत्री शिरतात म्हणून स्वयंपाकाच्या वेळी आम्ही दार घट्ट लावत होतो. खिडकी नव्हतीच. गरम हवा वर जायची, तर तिच्या जागी बाहेरची गार हवा खालून यायला हवी. ती येणार कुठून? तिथेच फेरा अडला होता.

मग भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर झरोका पाडला. तो चुलीच्या अगदी समोर नको बरं का, वाऱ्याने जाळ बाहेर येतो. पहिल्याच रात्री त्यातून मांजर शिरले, दूध पिऊन गेले. म्हणून जाळी बसवली. धुराड्यातली काजळीही अधूनमधून काढावी लागते.

घरात गॅस आला, तरी आंघोळीच्या पाण्याला अजून कितीतरी घरी चूल पेटते. तिचा धूर नुसता डोळ्यांना झोंबत नाही. वर्षानुवर्षे छातीत गेला, तर दम्यासारखा आजार जडतो.

कोळशाची शेगडी याहून फसवी. तिचा धूर दिसत नाही, म्हणून थंडीत लोक दारे-खिडक्या लावून ती उशाशी घेतात. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठतो आणि माणूस झोपेतच दगावतो. झोपण्याआधी जळती शेगडी अंगणात नेऊन ठेवा आणि अंगावर एक घोंगडी जास्त घ्या.