आरोग्यरक्षणाच्या वाटा, लेखांक 5 : लसींच्या नोंदवहीतील रिकामे रकाने

लस शरीरात कोणते कार्य घडवून आणते, याचे विवेचन गेल्या लेखांकात झाले. परंतु कुपीतील द्रव्य कितीही गुणकारी असले, तरी ते ठरल्या वयाला आणि ठरल्या अंतराने बालकाला मिळण्याची तजवीज नसेल, तर पुढचा प्रश्न शास्त्राचा न राहता दप्तराचा आणि पायपिटीचा होतो. आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम 1985 साली सुरू झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 मधील फेरीत एक ते दोन वर्षे वयाच्या बालकांपैकी सर्व मूलभूत लसी पुऱ्या झालेली बालके शेकडा 62 आढळली, आणि 2019-21 च्या फेरीत ती 76 झाली. उरलेल्या चोविसांत एकही लस न मिळालेली बालके थोडीच. बहुतेकांच्या लसीकरणाला प्रारंभ झालेला असतो, पण ते शेवटास गेलेले नसते. म्हणूनच लोक अडाणी आहेत, ते लसीला भितात, अशी जी सरधोपट कारणमीमांसा शहरातील सुशिक्षित मंडळी करतात, ती मला अपुरी वाटते. जी आई तीन वेळा बाळाला घेऊन आली, ती चौथ्या वेळी का आली नाही, हे त्या मीमांसेतून उलगडत नाही.

वेळापत्रकच पाहावे. जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची लस. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पाच रोगांवरील पेंटाव्हॅलंट व तिच्या जोडीच्या लसी. आणि त्यानंतर एकदम नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. मधल्या पाच-साडेपाच महिन्यांत एकही सुई नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि नेमक्या याच अवधीत बाळंतीण सासरी परतते. माहेरच्या उपकेंद्रातील वहीत बाळाची नोंद पुष्कळदा ‘अमकीचे बाळ’ एवढीच असते, कारण बारसे व्हायचे असते. आणि लग्नात सुनेचे नाव बदलण्याची चाल जेथे अजून आहे, तेथे सासरच्या गावी ती ‘अमकी’ कोणालाच ठाऊक नसते. माहेरची परिचारिका शेऱ्याच्या रकान्यात ‘गावी गेली’ असे लिहून मोकळी होते, सासरच्या परिचारिकेच्या यादीत बाळ मुळातच नसते, आणि दोन्ही दप्तरे आपापल्या जागी निर्दोष राहून बाळ मात्र दोहोंच्या मधून निसटते. माहेरच्या बाईने सासरच्या गावाचे नाव विचारून तेथील आशाताईंना एक फोन केला, तर हे छिद्र बुजते. यू-विन या संगणकीय नोंदपद्धतीने आता एका गावची नोंद दुसऱ्या गावी दिसू शकते हे खरे. पण ती पाहण्यासाठी बाळ आपल्या हद्दीत आले आहे, हे आधी कोणाला तरी उमगावे लागते.

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्यांचे दुखणे याहून बिकट. कोयत्याबरोबर तान्हे मूलही फडावर जाते, आणि गळिताचा हंगाम उरकेपर्यंत त्याच्या दोन-तीन मात्रा सहज चुकतात. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामे आणि भटक्यांचे पाल यांकडे मुद्दाम लक्ष पुरवले गेले, ते याच जातीच्या अनुभवावरून. तथापि मोहीम येते आणि जाते. गावातील परिचारिकेने टोळी निघण्यापूर्वी मुकादमाला गाठून कोणत्या कारखान्यावर मुक्काम आहे हे टिपून घेणे, आणि लसीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत घरी न ठेवता सोबत न्यायला लावणे, हे काम मोहिमेतून होत नाही. ते बारमाही ओळखीतून होते.

या कामी एक साधेसे साधन मला फार मोलाचे वाटते. माता व बाल संरक्षण कार्डाची स्थळप्रत फाडून परिचारिका ती एका कापडी पिशवीत ठेवते. पिशवीला बारा महिन्यांचे बारा कप्पे असतात, आणि ज्या महिन्यात पुढली मात्रा देय, त्या महिन्याच्या कप्प्यात ती स्थळप्रत जाते. सत्र संपल्यावर चालू महिन्याच्या कप्प्यात जेवढे कागद शिल्लक, तेवढ्या घरांची पायरी चढायची. नोंदवही चाळून थकबाकी शोधण्याची यातायातच उरत नाही.

पायरी चढल्यावर काय बोलायचे, यावर मात्र पुष्कळ अवलंबून असते. पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा जो घटक असतो, त्याने अनेक बालकांना दिवस-दोन दिवस ताप येतो आणि मांडी सुजते. ‘रात्रभर रडलं हो, आता पुन्हा सुई नको’, असे आजी सांगते, आणि घरात आजीचाच अंमल असतो. कोणती लस दिली, काय त्रास संभवतो, पुढे केव्हा यायचे, आणि कार्ड जपून आणायचे, हे चार निरोप प्रत्येक सत्रात द्यावेत असा दंडक आहे. त्यांतला दुसरा निरोप गर्दीत हटकून गळतो. ताप येईल हे आधी सांगून पॅरासिटामॉलची मात्रा समजावून दिली, तर तोच ताप अपेक्षित ठरतो. न सांगता आला, तर लस बदनाम होते. उशीर झालेल्या आईला दटावणे हाही मोठाच अपाय, कारण ती पुन्हा फिरकत नाही. वास्तविक खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जेथे थांबले तेथून पुढे चालू करायचे, आणि गोवर-रुबेला तर पाचव्या वर्षापर्यंत देता येते.

सत्रातील आणखी एक अडचण पुष्कळांच्या गावीही नसते. गोवर-रुबेलाच्या कुपीत अनेक बालकांच्या मात्रा असतात; भुकटीत द्रावण मिसळले की लेबलावर वेळ लिहायची, आणि चार तासांत न संपलेली कुपी टाकून द्यायची. अंगणवाडीत त्या वयाचे एकच बाळ आले, तर हिशेबी स्वभावाच्या बाईचा हात कुपीशी अडतो, आणि ‘पुढल्या महिन्यात आणा’ असे वाक्य तोंडातून जाते. एका बाळासाठीही कुपी फोडावी, असेच धोरण आहे. पण वाया गेलेल्या मात्रांचा खुलासा मागणारे वरिष्ठ तालुक्याच्या ठिकाणी बसलेले असले, की धोरण कागदावर राहते. माझ्या मते येथे ताकीद द्यायचीच, तर ती परिचारिकेला नव्हे, खुलासा मागणाऱ्याला द्यावी. शीतपेटी, बर्फाच्या लाद्या आणि दोन ते आठ अंश तपमान यांचा तपशील पुढील लेखांकी येईल.