मातीचा अहवाल वाचता, तसा रक्ताचाही वाचा

माती परीक्षणाचा कागद हाती आला की नत्र, स्फुरद, पालाश किती, ते आपण आधी बघतो आणि मग खताचा हिशेब लावतो. रक्ताचा कागद मात्र डॉक्टरांना दाखवला की पेटीत जातो. त्यावरचे तीन आकडे तरी प्रत्येक घरात वाचता आले पाहिजेत.

पहिला आकडा हिमोग्लोबिनचा. बाईचं १२, गरोदर बाईचं ११ आणि पुरुषाचं १३ ग्रॅमच्या खाली आलं की रक्त कमी समजावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचं रक्त कमी निघालं. सोयाबीन काढताना दम लागतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, ते दरवेळी उन्हामुळंच असतं असं नाही. आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्या, पालेभाजीवर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको. त्यानं लोह अंगी लागत नाही. पुरुषाचं रक्त कमी निघालं, तर मूळव्याधीतून वा पोटातून रक्त जातंय का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

दुसरा आकडा पांढऱ्या पेशींचा, ४ ते ११ हजार. वाढल्या तर बहुधा जंतुसंसर्ग. तिसरा प्लेटलेटचा, दीड ते साडेचार लाख. पावसाळ्यात तापाबरोबर घसरल्या तर डेंग्यूची शंका घ्यावी.

किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही, सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, तर सिकलसेलची वेगळी तपासणी करावी. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून सोयरीक जुळवण्याआधीच तपासणी बरी.

आणि फवारणीचं विष? ते या साध्या तपासणीत दिसत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांसाठी कोलिनेस्टरेज ही निराळी तपासणी लागते. फवारणीनंतर मळमळ, लाळ, दरदरून घाम सुटला, तर अहवालाची वाट बघू नका. कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली घेऊन सरळ दवाखाना गाठा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की मृगाआधी प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून गावात रक्त तपासणीचा एक दिवस ठरवावा. रोजंदारीवर जाणाऱ्या बायांना त्यात आधी बोलवावं.