घरबसल्या डॉक्टरांची भेट : रोग्याच्या मनाची तयारी

आपल्या संस्थेच्या महोत्सवाच्या या आनंदप्रसंगी एका व्याधीचे नाव घ्यावे, हे काही वाचकांना कदाचित रुचणार नाही. परंतु ज्या घरात ही व्याधी शिरली आहे, त्या घरातील माणसाला आपल्या सभागृहाच्या चार पायऱ्याही पर्वतासारख्या वाटतात. त्यांची आठवण आजच व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्या व्याधीचे नाव. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकून या आवरणावर हल्ला करते, आणि मग मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत धडपणे पोहोचत नाहीत. पॅरिसचे डॉ. शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सुस्पष्ट वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो व पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. दृष्टी अंधुक होणे, पाय बधिर होणे, तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे होत. तो संसर्गजन्य नाही. त्याला समूळ घालविणारे औषध अद्याप नाही. परंतु १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली आणि त्यानंतर रोगाची उचल कमी करणारी अनेक औषधे आली. ही औषधे वर्षानुवर्षे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात.

अडचण आहे ती येथेच. समजा, लष्कर भागातील एखाद्या घरच्या सूनबाईंचे उपचार दिल्लीच्या तज्ज्ञाकडे चालू आहेत. ग्वाल्हेरहून दिल्ली सुमारे ३०० किलोमीटर. ज्येष्ठाच्या लूमध्ये हा प्रवास धडधाकट माणसालाही नकोसा होतो. मग या रोग्याचे काय सांगावे? शरीराची उष्णता थोडी वाढली तरी त्याची लक्षणे काही काळ बळावतात; श्रमानंतर अशा रोग्याची दृष्टी काही काळ अंधुक होते, हे उथॉफ या नेत्रवैद्यांनी १८९० सालीच नोंदविले आहे. शिवाय सोबत जाणाऱ्याची रजा बुडते, ती वेगळीच.

यावर दूरवैद्यक हा एक उपाय आहे. फोनवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावर समोरासमोर बोलून डॉक्टरांचा सल्ला घ्यावयाचा, हा त्याचा अर्थ. भारतात त्याचे नियम २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाले. नोंदणीकृत डॉक्टरांनीच सल्ला द्यावा, रोग्याची संमती असावी आणि काही औषधे या मार्गाने लिहून देऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मग सर्व रोगी याला आनंदाने तयार होतात काय? तसे नाही, आणि त्यांच्या नकाराला कारणे आहेत. ज्याची दृष्टी अंधुक, त्याला पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत. ज्याचा हात कापतो, त्याला बटणे दाबता येत नाहीत. कित्येकांना वाटते की, डॉक्टरांचा हात लागल्याशिवाय तपासणी कसली? परंतु सर्वांत मोठे कारण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. माजघरात सासूबाई बसल्या असताना, शेजारी मुले खेळत असताना, लघवीचा त्रास किंवा मनाची उदासी सूनबाईंनी डॉक्टरांना कशी सांगावी? त्या "बरे आहे" एवढेच म्हणतात आणि संभाषण संपते. अशा वेळी रोगी तयार नाही असे न म्हणता, घर तयार नाही असे म्हणावे.

म्हणून पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष व्हावी. ओळख झाली की पुढच्या भेटी दुरून घेणे सोपे जाते. औषध सोसते की नाही, रक्ताचे अहवाल काय सांगतात, व्यायाम कोणता करावा, झोप व मन कसे आहे, हे सर्व दुरून विचारता येते. खोलीभर चालूनही दाखविता येते. भेटीपूर्वी शंका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि औषधांची नावे जवळ असावीत. मात्र एमआरआय, शिरेतून द्यावयाची औषधे व डोळ्यांची आतून तपासणी यांसाठी रुग्णालयात जाणे भागच आहे. एकाएकी दिसेनासे झाले, पायांतली शक्ती गेली, लघवी तुंबली किंवा गिळण्यास वा श्वासास त्रास होऊ लागला, तर फोनची वाट पाहत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या रोगाचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे, हेही कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावे.

आता संस्थेविषयी एक विनंती. आपल्या वास्तूतील तळमजल्याची एक खोली आठवड्यातून दोन दिवस या कामासाठी राखता येईल. तेथे इंटरनेट असावे, उन्हाळ्यात गारवा असावा आणि यंत्र जोडून देणारा एखादा तरुण कार्यकर्ता असावा. त्याने यंत्र जोडावे, नमस्कार करावा आणि बाहेर येऊन दार लोटून घ्यावे. दार लोटल्यावर सूनबाईंना आपले दुखणे मोकळेपणाने सांगता येईल. महोत्सवाच्या वर्षी आपण त्यांच्यासाठी एवढे करू शकलो, तर संस्थेच्या सेवाकार्यात ती मोलाची भर ठरेल.